ऑइल प्रेशरच्या दिव्याबाबतच्या आपल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार साहेब. आपण लिहिले आहे की, ऑइल प्रेशरचा लाल दिवा मधूनमधून लागतो म्हणून दिलेली गाडी आम्ही दोन दिवस ठेवून घेतली, नवीन स्विच बसवून एकूण १,३५० रुपये घेतले आणि चौथ्याच दिवशी बुटीबोरीच्या वाटेवर दिवा पुन्हा लागला; दुसऱ्या मिस्त्रींनी मात्र अर्ध्या तासात घासलेली वायर दाखवून दिली. हे सगळे खरे आहे. भर उन्हात आपल्याला गाडी बंद करून रस्त्याकडेला थांबावे लागले, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.

या दिव्याला इग्निशनमधून करंट मिळतो आणि त्याचे अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोडणी होऊन सर्किट पूर्ण होणे, इंजिनवरच्या स्विचमधून होते. तेलाचे प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) वर गेले की स्विचमधले पॉइंट सुटतात आणि दिवा विझतो. त्यामुळे स्विच बिघडला काय किंवा त्याची वायर वाटेत कुठे बॉडीला लागली काय, डॅशबोर्डवर दिसायला दोन्ही सारखेच. आमच्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून स्विचचे कनेक्टर काढले, दिवा विझला, आणि त्यावरून वायर चांगली व स्विच खराब असे आम्ही ठरवले. कनेक्टर ओढताना वायरही ओढली जाऊन ती जिथे घासत होती त्या अल्टरनेटरच्या ब्रॅकेटपासून सुटली असणार, हे त्याच्या लक्षात आले नाही आणि माझ्याही नाही. आपण टाकलेल्या फोटोत अल्टरनेटरच्या ब्रॅकेटजवळ नखाएवढे तांबे उघडे पडलेले स्वच्छ दिसते. कनेक्टर काढलेलेच ठेवून वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवून पाहिली असती, तर दोष तेव्हाच सापडला असता. जुन्या स्विचच्या पिनेवर तेल झिरपले होते, त्यामुळे आमचा संशय पक्का झाला. पण दिवा लागण्याचे कारण ते नव्हते.

गेज लावून प्रेशर मोजण्याचे ४०० रुपये उगाच घेतले, हे आपले म्हणणे मात्र मला मान्य नाही. स्विच काढून त्या जागी गेज लावला आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तापवले, तेव्हा आयडलिंगला १.२ आणि २,००० आरपीएमला ३ बार प्रेशर मिळाले. तेल तापले की पातळ होते आणि प्रेशर उतरते, म्हणून थंड इंजिनावरचे माप पुरेसे नसते, नागपूरच्या मे महिन्यात तर नाहीच. प्रेशर खरोखर कमी असते आणि आम्ही नुसती वायर दुरुस्त करून दिवा विझवला असता, तर थोड्याच वेळात बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट गेले असते. ही तपासणी मी पुढेही कोणत्याच गाडीची टाळणार नाही.

स्विच आणि मजुरीचे ९५० रुपये मी परत करतो. बिल दाखवावे, स्विच गाडीतच राहू द्यावा. वायरीवर नुसती टेप गुंडाळलेली असेल, तर ती त्याच ब्रॅकेटवर पुन्हा घासेल. गाडी आणल्यास स्लीव्ह घालून वायर ब्रॅकेटपासून दूर बांधून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.