चोवीस कप आणि फ्रेंच खेळाडूंची 'राखीव' रांग

कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीचा क्लब मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, त्याचं नाव निघालं की एक दावा हमखास पुढे येतो. टोरांटोकडच्या मराठी मंडळींकडून मी तो ऐकला आहे, आणि बर्फावरची हॉकी नुकतीच बघू लागलेल्यांकडूनही. तो थोडक्यात असा: या क्लबचे २४ स्टॅन्ली कप, म्हणजे या खेळातली सर्वोच्च विजेतेपदं, ही जुन्या काळाची कृपा आहे. तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते. मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांतातला प्रत्येक फ्रेंच खेळाडू नियमानेच त्यांना मिळायचा. पुढे संघ वाढले तेव्हा अंतिम फेरीत नवखे समोर आले. आणि तो नियम गेल्यापासून यांच्या हाती काही लागलेलं नाही.

यातल्या नवख्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मी पुढे मान्य करतो. बाकीचं तारखा समोर ठेवल्या की टिकत नाही. हे सगळीकडे इतक्या सहजपणे सांगितलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात ज्या माणसांनी हा क्लब उभा केला त्यांचं कामच पुसलं जातं.

सहा संघांचा मुद्दा लवकर संपतो. नॅशनल हॉकी लीगमध्ये सहा संघ होते ते १९४२-४३ पासून १९६६-६७ पर्यंत, म्हणजे २५ हंगाम. त्यात कॅनेडियन्सचे कप १०. उरलेले १४ त्या काळाबाहेरचे: १९१६, १९२४, १९३० आणि १९३१ असे चार आधीचे, आणि दहा नंतरचे. शिवाय संघ सहाच होते ते सगळ्यांसाठीच. त्याच २५ हंगामांत टोरांटोने ९ कप घेतले, डेट्रॉईटने ५, शिकागोने १. बोस्टन आणि न्यूयॉर्कला एकही मिळाला नाही. ७० सामन्यांच्या हंगामात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी चौदा वेळा गाठ पडायची. सगळ्या खंडातले निवडक खेळाडू सहा संघांत मावलेले असताना सोपा सामना शोधायचा कुठे?

दाव्याचा खरा आधार आहे तो फ्रेंच खेळाडूंचा नियम. असा नियम नव्हताच, असं मी म्हणणार नाही. तो होता, आणि वेगवेगळ्या रूपांत तीनदा होता. म्हणूनच तो केव्हा लागू होता आणि तेव्हा क्लबचं काय चाललं होतं, हे ताडून बघता येतं.

क्लबची स्थापना ४ डिसेंबर १९०९ची, खुद्द नॅशनल हॉकी लीगच्या आठ वर्षं आधीची. पैसा घातला ॲम्ब्रोज ओब्रायन यांनी, आणि मॉन्ट्रियलच्या फ्रेंच भाषकांना आपला म्हणता येईल असा एक संघ असावा, ही त्यामागची कल्पना होती. त्यासाठी पहिल्या हंगामात बाकीच्या संघांना बजावलं गेलं, की कॅनेडियन्सचा संघ भरेपर्यंत फ्रेंच खेळाडूंना हात लावायचा नाही. आणि त्या हंगामाचा निकाल काय? बारा सामने, दोन विजय, दहा पराभव, सगळ्यांत शेवटचं स्थान.

दुसऱ्यांदा हा हक्क आला १९३६ मध्ये, तो क्लब मरणपंथाला लागला होता म्हणून. महामंदीचे दिवस होते. शहरात इंग्रजी भाषकांचा मरून्स हा दुसरा संघ होता आणि त्याने १९३५ चा कप जिंकला होता. कॅनेडियन्स क्लीव्हलँडला विकून टाकायच्या गोष्टी चालल्या होत्या आणि १९३५-३६ मध्ये संघ तळाला गेला होता. तेव्हा लीगने काही हंगामांपुरता फ्रेंच खेळाडूंवर पहिला हक्क दिला. थोडी उभारी आली, टिकली नाही. १९३९-४० मध्ये ४८ सामन्यांत १० विजय, पुन्हा तळाला. १९३१चा कप आणि १९४४चा कप यांच्यात तेरा वर्षांचं अंतर आहे, आणि राखीव हक्काचा हा काळ नेमका त्या अंतरात येतो.

तिसरं रूप ड्राफ्टमधलं. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही, संघ पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात आणि साधारणपणे आदल्या हंगामात तळाला असलेल्याची पाळी आधी येते. १९६३ पासून कॅनेडियन्सना सगळ्यांच्या आधी दोन फ्रेंच भाषक खेळाडू घ्यायची मुभा होती. ऐकायला हे फार मोठं वाटतं. पण त्या वर्षांत चांगली मुलं कोवळ्या वयातच कुठल्या ना कुठल्या क्लबच्या करारात अडकलेली असायची. ड्राफ्टमध्ये यायची ती उरलेली. १९६८ चा पहिला खेळाडू मिशेल प्लास, तो कॅनेडियन्सच्या गोलात दोनच हंगाम दिसला. या हक्काचं सगळ्यांत ठळक फळ म्हणजे १९६९ ला घेतलेले रेजाँ ऊल आणि मार्क तार्दिफ. दोघे उपयोगी खेळाडू होते, पुढच्या कपांत त्यांचा वाटा आहे. पण त्यांना घेतलं त्याच्या पाठोपाठच्या हंगामात, १९६९-७० मध्ये, कॅनेडियन्स २२ वर्षांत पहिल्यांदा प्लेऑफला, म्हणजे कपासाठीच्या फेऱ्यांना, मुकले. न्यूयॉर्कइतकेच ९२ गुण होते, एकूण गोल कमी पडले. पुढच्या ड्राफ्टला नियम गेलेला होता, आणि जिल्बेर पेरोसारखा अस्सल क्वेबेकचा हिरा बफेलोने उचलला.

'प्रत्येक फ्रेंच खेळाडू त्यांनाच' म्हणणाऱ्यांनी आणखी चार नावं बघावीत. रॉड जिल्बेर जन्माने मॉन्ट्रियलचा, खेळला न्यूयॉर्क रेंजर्सकडून. त्याचा जोडीदार जाँ रातेल, तोही क्वेबेकचा, तोही रेंजर्सचा. मार्सेल प्रोनोव्होने डेट्रॉईटकडून चार कप जिंकले, आणि १९६७ ला टोरांटोकडून पाचवा, तो कॅनेडियन्सना हरवून. गोलकीपर बर्नी पॅरेंट मॉन्ट्रियलमध्ये जन्मला, आणि १९७४ व १९७५ चे कप त्याने फिलाडेल्फियाला मिळवून दिले.

घराजवळच्या मुलांचा फायदा मात्र खरा होता. ड्राफ्टच्या आधी प्रत्येक क्लबचा आपल्या शहराभोवतीच्या ५० मैलांतल्या पोरांवर हक्क असायचा, आणि मॉन्ट्रियलच्या आसपास हॉकी गल्लोगल्ली होती. मोरीस रिशार तिथलाच. पण हा नियम टोरांटोलाही होता, आणि टोरांटोच्या भोवतीही काही वाळवंट नव्हतं. शिवाय त्या ५० मैलांत इंग्रजी बोलणारी मुलंही होती: सहा वेळा मॉन्ट्रियलकडून सर्वोत्तम बचावपटू ठरलेला डग हार्वी आणि डिकी मूर, दोघे मॉन्ट्रियलचे इंग्रजी भाषक.

आणि फ्रेंच खेळाडू आपोआप मिळत असते, तर जाँ बेलिव्होसाठी एवढा आटापिटा का करावा लागला? बेलिव्हो क्वेबेक शहरात एसेस या संघाकडून खेळायचा, तिथे त्याला मान होता, पैसाही भरपूर होता. व्यावसायिक झालोच तर कॅनेडियन्सकडे, एवढं त्याने लिहून दिलेलं. पण त्याची लीग कागदोपत्री हौशी होती आणि त्याला हलायची घाई नव्हती. शेवटी कॅनेडियन्सने ती सगळी लीगच विकत घेतली आणि व्यावसायिक करून टाकली. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्याने सही केली. खेळाडू म्हणून तो दहा कप जिंकला. तो आल्यावर लीगने नियम बदलला तोही या क्लबच्या विरोधात: नोव्हेंबर १९५५ मध्ये बोस्टनचे खेळाडू शिक्षा म्हणून बर्फाबाहेर बसलेले असताना बेलिव्होने ४४ सेकंदांत तीन गोल मारले, आणि पुढच्या हंगामापासून किरकोळ शिक्षा एक गोल झाला की संपू लागली.

हे सगळं घडवणारा माणूस म्हणजे क्लबचा व्यवस्थापक फ्रँक सेल्की. तो १९४६ मध्ये टोरांटो सोडून आला आणि त्याने देशभर कनिष्ठ संघांचं जाळं विणलं. रिजायना, विनिपेग, पीटरबरो अशा ठिकाणांहून मुलं वर येऊ लागली. १९५६ ते १९६० सलग पाच कप जिंकणाऱ्या संघात प्लांत, जॉफ्रियाँ, रिशार बंधू होते तसा मॅनिटोबाचा टॉम जॉन्सनही होता.

त्याच्यानंतर त्याच जागी सॅम पोलॉक. गी लाफ्लर क्वेबेकच्या थुर्सो गावचा. तो 'फ्रेंच हक्काने' मिळाला असं मी अनेकदा वाचलंय. तो आला १९७१ च्या ड्राफ्टमध्ये, हक्क संपल्यावर. पोलॉकने वर्षभर आधीच, मे १९७० मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सील्सकडून त्यांची १९७१ च्या पहिल्या फेरीतली पाळी अदलाबदलीत घेऊन ठेवली होती. हंगाम सुरू झाला तर लॉस एंजेलिसही घसरू लागलं; ते सील्सच्या खाली गेलं असतं तर सगळ्यांत आधीची पाळी हुकली असती. तेव्हा जानेवारी १९७१ मध्ये त्याने राल्फ बॅकस्ट्रॉमसारखा अनुभवी खेळाडू लॉस एंजेलिसला दिला. बॅकस्ट्रॉमलाही मॉन्ट्रियल सोडायचं होतं. पण धाडलं नेमकं तिथेच. सील्स तळाला राहिले, सगळ्यांत आधीची पाळी पोलॉकची झाली, लाफ्लर आला. त्याच ड्राफ्टमध्ये विसाव्या क्रमांकावर त्याने ओंटारियोचा लॅरी रॉबिन्सन घेतला, तोवर सगळ्या संघांची एकेक पाळी होऊन गेलेली होती. केन ड्रायडनला तर १९६४ मध्ये बोस्टनने निवडलं होतं. त्याचे हक्क कॅनेडियन्सने मागून घेतले. १९७१ मध्ये नियमित हंगामाचे फक्त सहा सामने खेळलेल्या या गोलकीपरने गतविजेत्या बोस्टनलाच पहिल्या फेरीत घरी पाठवलं. स्टीव्ह शट, बॉब गेनी हेही ओंटारियोचे. १९७६-७७ मध्ये ८० सामन्यांत हा संघ फक्त ८ वेळा हरला, त्यातला घरच्या बर्फावर एकदाच.

नवख्यांशी अंतिम फेरीचा मुद्दा, जो मी मान्य करतो म्हणालो. १९६७ ला संघ सहाचे बारा झाले आणि सहाही नवे संघ एकाच गटात टाकले, त्यामुळे अंतिम फेरीत एक नवा संघ येणं ठरलेलंच. १९६८ आणि १९६९ ला सेंट लुईस समोर आलं आणि दोन्हीदा ४-० हरलं. हे दोन कप कमी कसाचे आहेत, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. १९७१ पासूनचे मात्र त्या रांगेत बसत नाहीत.

राहिलं 'नियम गेल्यावर काही नाही'. नियम गेला १९७० ला. त्यानंतरचे कप: १९७१, १९७३, १९७६ ते १९७९ सलग चार, १९८६, १९९३. आठ. क्लबच्या सगळ्या कपांचा तिसरा हिस्सा. १९८६ ला लीगमध्ये २१ संघ होते, १९९३ ला २४. या दोन्ही कपांचा नायक गोलकीपर पात्रिक रुआ १९८४ च्या ड्राफ्टमध्ये ५१ वा निवडला गेला. तोवर निवडीच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या.

१९९३ नंतर दुष्काळ आहे, त्यात शंका नाही. २०२१ ला अंतिम फेरी गाठून टॅम्पा बेकडून ४-१ हरले, तेवढंच. पण त्याची कारणं शोधायला १९७० पर्यंत मागे जायची गरज नाही. पोलॉक १९७८ ला गेला, प्रशिक्षक स्कॉटी बोमन आणि ड्रायडन १९७९ ला. १९८० मध्ये पहिली पाळी हातात असताना शहरातच ज्युनियर हॉकी गाजवणारा फ्रेंच मुलगा दनी साव्हार सोडून क्लबने डग विकेनहायझर घेतला, आणि साव्हार शिकागोत मोठा झाला. मग २ डिसेंबर १९९५. डेट्रॉईटने ११-१ असं धुतलं, रुआला नऊ गोल होईपर्यंत बाहेर काढलं नाही, आणि चार दिवसांत त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. जून १९९६ मध्ये त्याने तिथे कप उचलला.