मॉर्फिन नाकारणं हा चर्चचा नियम नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

कर्करोगानं अठरा वर्षांची असताना गेलेल्या किआरा लुचे बादानो या कॅथलिक मुलीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मरणाच्या दारातल्या पोरीचं हसू दाखवून तुम्ही भाबड्या लोकांना मॉर्फिन नाकारायला शिकवताय." शिवाय चर्चला आणि तिच्या आईवडिलांनाही ऐकवलंत. टीका जरूर करा, पण वाचकांना भाबडं ठरवणारे तुम्ही कोण? रुग्णाच्या उशाशी रात्री काढणारी माणसं हे वाचतात. मीही या सेवेत वर्षानुवर्षं आहे. मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदना शमवणारं औषध, काय असतं ते मला नव्यानं शिकवू नका.

एवढं मान्य, की मॉर्फिनचा विषय मी एका ओळीत उरकला होता. तर आता सविस्तर.

किआरा इटलीतल्या सासेल्लोची. १९८८च्या उन्हाळ्यात टेनिस खेळताना खांद्यात कळ आली. निघाला हाडाचा कर्करोग. मॉर्फिननं भान जातं आणि येशूला अर्पण करायला आपल्यापाशी वेदनाच उरली आहे, असं सांगून तिनं मॉर्फिन नाकारलं. हा तिचा निर्णय होता, कोणावर लादलेला नियम नव्हे. दुसरा उपाय नसेल तर शुद्ध मंदावली, आयुष्य थोडं घटलं तरी वेदनाशामक देता येतं, हेतू फक्त वेदना शमवण्याचा हवा, असं पोप बारावे पायस यांनी १९५७मध्येच सांगितलं आहे.

म्हणून घरी रुग्ण असेल तर डॉक्टरांनी ठरवलेला डोस घड्याळ बघून द्या, दुखायची वाट बघू नका. कळ एकदा चढली की उतरवायला जास्त औषध लागतं. मधेच उठणाऱ्या कळेसाठी जादा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तो बहुधा दिवसाच्या मात्रेच्या सहाव्या हिश्श्याएवढा असतो. गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवं. प्रार्थनेसाठी डोस चुकवायची गरज नाही, रुग्ण जागा असतो त्या वेळेला फादरांना बोलवा. ख्रिस्तप्रसाद म्हणजे फादर देतात ती पवित्र भाकर आणि द्राक्षारस. त्याआधीच्या तासाभराच्या उपवासाची अट आजाऱ्याला नाही. गिळवत नसेल तर भाकरीचा कणही पुरतो, तोही जात नसेल तर द्राक्षारसाचे थेंब. आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायचा संस्कार शेवटच्या श्वासापर्यंत लांबवू नका. शुद्धीत असेल तर रुग्ण स्वतः 'आमेन' म्हणतो.

तिचा आनंद 'ढोंग' होता म्हणता? तुरीनहून पहिली केमो घेऊन आल्यावर ती पलंगावर पडून राहिली, आईला म्हणाली, आत्ता बोलू नकोस. पंचवीस मिनिटं गेली, मग तिनं हसून तोंड वळवलं. हा झगडा मी लेखात दिला होता. तेवढं तरी वाचायचं होतं.

आईवडिलांबद्दल जे लिहिलंत, त्याला मी उत्तर देणार नाही. मॉर्फिनबद्दल आणखी शंका असतील तर खुशाल विचारा. पुन्हा 'भाबडे' म्हणालात, तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.