प्रकाशाने ऑक्सिजन कळतो, म्हणून साखरही कळते का?

बोट न टोचता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या आता मिळू लागल्या आहेत, अशा आशयाचा संदेश पुनःपुन्हा फिरत असतो. त्यातील विधाने थोडक्यात अशी आहेत: पल्स ऑक्सिमीटर प्रकाशाने रक्तातील ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे साखर मोजणे ही त्याच तंत्राची पुढची पायरी आहे, घड्याळाच्या मागच्या बाजूचे दिवे हेच काम करतात, त्यांचे आकडे ग्लुकोमीटरशी जुळतात, पट्ट्या विकणाऱ्या कंपन्यांनी हे तंत्र दडपून ठेवले होते, आणि आकडा थोडाफार चुकला तरी काही बिघडत नाही. दिवसातून अनेकदा बोट टोचावे लागणाऱ्या माणसाला हे सारे खरे असावे असे मनापासून वाटणार, आणि त्या इच्छेत गैर काहीच नाही. मात्र या पाचांपैकी एकही विधान तपासणीला टिकत नाही.

पहिले विधान सर्वांत पटण्यासारखे आहे, म्हणून त्याकडे सविस्तर पाहू. पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मांडले. त्यात साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्याबरोबर शोषणात जो बारीक चढउतार होतो, तेवढाच वेगळा काढला की त्वचा, हाड आणि नख यांचा स्थिर वाटा बाजूला पडतो; आणि दोन्ही तरंगलांबींवरील चढउतारांचे गुणोत्तर घेतले की बोटाची जाडी किंवा दिव्याची प्रखरता यांचाही परिणाम बराचसा निघून जातो. या मांडणीतील कल्पकता थक्क करणारी आहे, पण तिने मिळते ते एक प्रमाण असते. एकाच पदार्थाच्या दोन रूपांपैकी एक रूप किती टक्के आहे, एवढेच ऑक्सिमीटर सांगतो. रक्तात एकूण हिमोग्लोबिन किती आहे, हे या दोन प्रकाशांतून कळत नाही. म्हणूनच तीव्र रक्तक्षय असलेल्या रुग्णाच्या बोटावरही ९८ टक्के हा आकडा दिसू शकतो, जरी त्याच्या रक्तातील ऑक्सिजनचा एकूण साठा धोकादायक पातळीपर्यंत घटलेला असला तरी.

साखरेच्या बाबतीत प्रश्नच निराळा आहे. ग्लुकोजचे, म्हणजे रक्तातील साखरेचे, गुणोत्तर मांडता येईल असे दुसरे सोयीचे रूप रक्तात नसते. मोजायची असते ती त्याची प्रत्यक्ष मात्रा. हिमोग्लोबिन एका डेसिलिटर रक्तात सुमारे १५ ग्रॅम असते आणि ते गडद रंगाचे असते. ग्लुकोज उपाशीपोटी त्याच डेसिलिटरमध्ये ०.१ ग्रॅमच्या आसपास असते आणि दृश्य प्रकाशात पूर्णपणे रंगहीन असते. अवरक्त पट्ट्यात ते प्रकाश शोषते हे खरे. साधारण १५०० ते १८०० आणि २००० ते २५०० नॅनोमीटर या टापूंत त्याच्या खुणा सापडतात. परंतु त्याच परिसरात पाणीही प्रकाश शोषते, तेही प्रचंड. ग्लुकोजच्या एका रेणूमागे रक्तात पाण्याचे सुमारे दहा हजार रेणू असतात. शिवाय पाण्याचे शोषण तापमानाबरोबर सरकते, त्यामुळे त्वचेचे तापमान एका अंशाहूनही कमी बदलले तरी त्याचा परिणाम साखरेच्या नेहमीच्या चढउताराची खूण झाकून टाकू शकतो. मेद आणि प्रथिने यांच्या खुणाही ग्लुकोजच्या खुणांवर चढलेल्या असतात. त्यात भर अशी की त्वचेत शिरलेल्या प्रकाशाला जे भेटते त्यात रक्ताचा वाटा काही टक्क्यांचाच असतो; उरलेले सारे पेशी, तंतू आणि ऊतकद्रव, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव.

रंगीत पदार्थ प्रकाशाने मोजता येतात, हे येथे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. नवजात बाळांची कावीळ त्वचेवर उपकरण टेकवून तपासण्याची पद्धत १९८० पासून विकसित होत गेली, कारण काविळीत साठणारे बिलिरुबिन हे द्रव्य पिवळे असते आणि निळा प्रकाश जोरकसपणे शोषते. तेथेही आकडा उपचाराच्या सीमेजवळ आला की रक्ततपासणी करून खात्री केली जाते. ऑक्सिमीटरलासुद्धा मर्यादा आहेतच. कार्बन मोनॉक्साइडने विषबाधा झालेल्या माणसात तो फसवा, चांगला आकडा दाखवतो. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ऑक्सिमीटरने ९२ ते ९६ टक्के दाखवलेले असताना धमनीतील प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांखाली असल्याचे कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीयांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळले. सर्वांत यशस्वी ठरलेले प्रकाशीय मापनही त्वचेच्या रंगाने असे बिचकत असेल, तर त्याच्याहून कितीतरी क्षीण संकेतावर आधारलेल्या दाव्याकडे अधिक काटेकोरपणे पाहिले पाहिजे.

घड्याळातील दिव्यांविषयीचे विधान लवकर निकालात निघते. नेहमीच्या घड्याळात हिरवे, लाल आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपासचे अवरक्त दिवे असतात, आणि प्रकाश टिपणारा सिलिकॉनचा संवेदक साधारण ११०० नॅनोमीटरपलीकडे आंधळा असतो. ग्लुकोजच्या उपयोगी पडतील अशा खुणा त्यापलीकडे सुरू होतात. ९४० नॅनोमीटरवर साखर ‘दिसते’ असे काही विक्रेते सांगतात, पण तेथील तिची खूण इतकी दुबळी असते की हिमोग्लोबिन, पाणी आणि मनगटाची किंचित हालचाल यांतून ती वेगळी काढता येत नाही. काही घड्याळांवर साखरेचा खरा आकडा दिसतो, हेही सत्य आहे. मात्र तो दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या आणि बारीक तंतू त्वचेखाली रुतवलेल्या सेन्सरकडून आलेला असतो. तो सेन्सर सहसा विकराच्या (एन्झाइमच्या) रासायनिक क्रियेने ऊतकद्रवातील ग्लुकोज मोजतो, आणि घड्याळ त्याच्यासाठी पडद्याचे काम करते.

‘आकडे जुळतात’ हे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते सांगणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली किमान ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅमच्या आत, आणि १०० किंवा त्यावर १५ टक्क्यांच्या आत असावे लागतात. आता निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर बहुधा ७० ते १०० मध्ये असते. म्हणजे ज्यात कोणताही संवेदक नाही आणि जे रोज सकाळी प्रत्येकाला ‘८५’ एवढेच दाखवते, असे खोकेसुद्धा या लोकांमध्ये प्रत्येक वेळी मर्यादेच्या आत बसेल. त्यात जेवणाच्या सुमारास आकडा थोडा वाढवण्याची सोय केली, की वापरणाऱ्याचा विश्वास पक्का होतो. म्हणूनच मानकाप्रमाणे चाचणी घेताना अतिशय कमी आणि अतिशय जास्त साखरेचे नमुनेही ठरावीक प्रमाणात घ्यावे लागतात.

हा सापळा संशोधकांनाही चुकलेला नाही. आयोवा विद्यापीठातील मार्क अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पाणी, मेद आणि प्रथिने यांच्या, ग्लुकोजचा लवलेशही नसलेल्या नमुन्यांचे अवरक्त वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचे आलेख) घेतले आणि साखर प्यायलेल्या माणसाच्या चाचणीतील आकडे त्यांना जोडून दिले. त्यावरून तयार झालेले गणिती प्रारूप साखर ‘ओळखत’ असल्यासारखे दिसले. चाचणीत साखर वेळेबरोबर चढते आणि उतरते. उपकरणाचा आणि नमुन्याचा संकेतही वेळेबरोबर सरकत राहतो. आणि पुरेसे चलांक, म्हणजे बदलत्या राशी, हाताशी असले की गणित या दोघांची सांगड घालून देते. त्यामुळे एखाद्या दाव्याबाबत विचारायचा प्रश्न असा असतो: साखर वेळेशी न जुळणाऱ्या क्रमाने वरखाली केली, उपकरण नव्या माणसांवर, नव्या दिवशी, पुन्हा न जुळवता वापरले, आणि रक्ताचा आकडा त्याच्यापासून लपवून ठेवला, तर ते टिकते का? संदेशासोबत फिरणाऱ्या चित्रफितींत याचे उत्तर कधीच नसते.

दडपशाहीचा आरोप वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. या शोधावर अनेक मोठ्या कंपन्यांनी उघडपणे पैसा ओतला आहे, कारण ज्याला तो साधेल त्याच्यासमोर जगभरचा बाजार खुला असेल. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि सॅमसंग यांच्या संशोधकांनी जिवंत डुकरांच्या कानाच्या त्वचेतून रामन वर्णपटाद्वारे ग्लुकोजची स्वतःची खूण थेट टिपल्याचे प्रसिद्ध केले. रामन परिणामात रेणू प्रकाश विखुरताना त्याची तरंगलांबी किंचित बदलतात, आणि प्रत्येक रेणूचा बदल त्याचा स्वतःचा असतो. म्हणून हा मार्ग मला सर्वांत आश्वासक वाटतो. पण तो प्रयोग लेसर आणि वर्णपटमापक असलेल्या प्रयोगशाळेतला होता, आणि तेथून मनगटापर्यंतचे अंतर अजून मोठे आहे.

उरले ‘चुकले तरी काय बिघडते’ हे विधान. इन्सुलिन घेणारा माणूस आकडा पाहून मात्रा ठरवतो. खरी साखर ८० असताना पडद्यावर २५० दिसले आणि त्याने त्याप्रमाणे इन्सुलिन टोचले, तर काही तासांत शुद्ध हरपणे, झटके येणे आणि मृत्यू इथवर मजल जाऊ शकते. उलट, साखर ५० वर आलेली असताना घड्याळ ‘११०’ दाखवत राहिले, तर घाम, थरथर आणि गोंधळ यांचा अर्थ लावायला उशीर होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी याच कारणांसाठी इशारा दिला आणि स्वतःहून रक्तातील साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नसल्याचे स्पष्ट केले. असे उपकरण कोणी आधीच घेतले असेल, तर त्यावरील साखरेचा आकडा औषधाच्या मात्रेसाठी कधीही वापरू नये, आणि साखर उतरल्याची लक्षणे जाणवताच, पडद्यावर काहीही दिसत असले तरी, बोट टोचून पट्टीवर तपासावे; तपासण्याची सोय हाताशी नसेल, तर वाट न पाहता आधी साखर खावी.