व्हॅरम पर्सीबद्दल खुलासा: गाव प्लेगने ओस पडलं नाही

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावाचा फोटो मी टाकला होता. खाली लिहिलं होतं, '१३४९ च्या प्लेगने एका वर्षात अख्खं गाव संपवलं.' ते चुकीचं होतं. फोटो बराच फिरलाय, म्हणून हा खुलासा.

प्लेगमध्ये माणसं गेली, पण गाव ओस पडलं नाही. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० पासून चाळीस वर्षं इथे दर उन्हाळ्यात उत्खनन झालं. त्यातून, आणि जुन्या कागदपत्रांतूनही, वस्ती पुढे दीडशे वर्षं टिकल्याचं दिसतं. शेवटची कुटुंबं १५०० च्या सुमारास जमीनदाराने हलवली. कारण लोकर! नांगरटीपेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त होता.

फोटोत गवताखाली जे चौकोनी उंचवटे दिसतात, ती घरांची जोती आणि परसांचे बांध. चर्च मात्र पुढेही वापरात राहिलं, कारण शेजारच्या थिक्सेनडेलचे लोक तिथे येत राहिले. (प्लेगची गोष्ट ऐकायला जास्त थरारक, मीही तिलाच भुललो.)

जुनी पोस्ट काढली आहे. तुमच्या ग्रुपवर ती दिसली तर पुढे पाठवू नका, हा मजकूर टाका.