सहा येतात म्हणून आठ येत नाहीत राव

सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल, मला तर तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. थोडक्यात सांगायचं तर असा: "सात-आठ तारांच्या गिटारचा बाऊ करू नका. ती सहा तारांचीच गिटार आहे, फक्त एक-दोन जाड तारा जास्त. सहा वाजवता येत असतील तर पहिल्या दिवसापासून आठ वाजवता येतात. उरलेला आवाज नॉइज गेट बघून घेतो. गेन आणि बेस वाढवा, जितकी जाड तार तितका जड आवाज, पॉवर कॉर्डचे तेच शेप खाली सरकवा, झालं. हात लहान असतील तर मात्र नाद सोडा. तसंही ही मेटलवाल्यांनी नव्वदीत काढलेली फॅशन आहे. आणि हो, दर वेळी वाजवण्याआधी ट्यून करा."

एवढ्याशा मेसेजात इतकं चुकीचं भरलंय की एकेक घेऊनच बोलायला लागेल.

"सहा तारांचीच गिटार आहे, फक्त एक-दोन तारा जास्त."

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. ट्यूनिंगच्या हिशेबानं बरोबर आहे, सातवी तार लो बी, आठवी लो एफ शार्प, प्रत्येक वेळी अंतर पाच सेमिटोनचं (एक सेमिटोन म्हणजे एक फ्रेट), म्हणजे ई आणि ए तारेवर जे शेप चालतात तेच खाली चालतात. डाव्या हाताला पाठ करायला नवीन जवळजवळ काहीच नाही. पण मुळात जास्तीच्या तारा वाजवायला शिकावं लागतच नाही हो, त्या गप्प ठेवायला शिकावं लागतं, आणि सगळी मेहनत तिथे जाते.

खरं वाटत नसेल तर सात तारांची गिटार घ्या, अँपसुद्धा नको. दुसरी आणि सहावी तार आधी गप्प करून ठेवा, कारण त्यांच्यातूनही हाच सूर उठतो. तिसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला बी वाजवा आणि लगेच ती तार बोटानं बंद करा, बाकी कशालाही हात लावू नका. तोच बी मागे बारीक आवाजात वाजत राहिलेला ऐकू येईल. तो येतोय लो बी तारेतून, जिला तुम्ही शिवलाही नाहीत. लो बी साधारण 61.7 हर्ट्झला, तिचा चौथा हार्मोनिक (मूळ सुराच्या चौपट कंपनाचा, तिच्याच पोटातला वरचा सूर) 247 च्या आसपास, आणि तुम्ही वाजवलेला बी नेमका तोच. सतारीला तरफा असतात त्या याच तत्त्वावर बोलतात, फक्त तिथे आपल्याला ते हवं असतं, आणि इथे डिस्टॉर्शन (मेटलचा तो खरखरीत फाटलेला आवाज) लावलं की तीच तरफ सगळ्या रिफचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुख्य तुकड्याचा, चिखल करते.

सहा तारांवर आपण म्यूटिंग, म्हणजे नको त्या तारा गप्प ठेवणं, कधी शिकलो तेच आठवत नाही, उजव्या हाताचा तळवा आपोआप जाड तारांवर पडतो आणि काम होतं. सातव्या तारेला तो तळवा पुरतो, आठवीला पोचतानाच मारामार होते. वरच्या बारीक तारांवर सोलो वाजवताना हात जसजसा खाली जातो तसतशी तळव्यामागे एक तार उघडी पडते, मग दुसरी. मी पहिल्यांदा सात तारांवर एक सोलो रेकॉर्ड केला तेव्हा वाजवताना सगळं मस्त वाटत होतं, नंतर एकटा ट्रॅक ऐकला तर प्रत्येक बेंड सोडला की मागून लो बी घूं करून उठत होती, जणू शेजारच्या खोलीत कोणीतरी पंप चालू केलाय. पंधरा टेक झाले. शेवटी हात बदलावा लागला.

काय बदललं ते सांगतो. एक म्हणजे उजव्या हाताचा तळवा एका जागी टेकवून न ठेवता पिकसोबत सरकवत न्यायचा, ज्या तारा मागे राहतात त्यांच्यावर त्याचा बाहेरचा काठ झोपलेला राहिला पाहिजे. दुसरं, डाव्या हाताची तर्जनी ज्या तारेवर आहे तिच्या लगतच्या जाड तारेला टोकानं हलकेच टेकलेली हवी, दाबायची नाही, नुसती टेकलेली, आणि त्याच बोटाचा आतला भाग बारीक तारांवर आडवा. तिसरं उलट्या बाजूचं, एकट्या आठव्या तारेवर रिफ असेल तर डाव्या हाताची रिकामी बोटं उरलेल्या सातही तारांवर पसरून ठेवायची. हे संथ लयीत, मेट्रोनोम साठवर लावून, क्लीन टोनवर केलं तर कंटाळा येतो पण दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. माझा तरी पडला.

नटजवळ (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात तो तुकडा) कापडी पट्टी बांधतात ती? बांधा की, टॅपिंग किंवा सोलोच्या रेकॉर्डिंगला छान आहे, काही लोक तिला चीटिंग म्हणतात त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. पण तिच्यानं उघड्या तारा मरतात, आणि आठ तारांवरचे निम्मे रिफ उघड्या आठव्या तारेवरच उभे असतात, त्यामुळे तिच्या भरवशावर राहता येत नाही.

"उरलेला आवाज नॉइज गेट बघून घेतो."

नाही घेत. गेट ही दारासारखी वस्तू आहे, आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की बंद, वर आला की उघडं. तुम्ही वाजवताय तेव्हा ते उघडंच आहे, आणि तुमच्या नोटसोबत बाजूच्या चार तारांची गुणगुणही त्याच दारातून आत येते. गेट उपयोगी कुठे, तर रिफमधल्या थांब्यात, कट स्वच्छ यायला. उलट घाण म्यूटिंगवर कडक गेट लावलं की आणखी वाईट होतं कारण लांब नोट मध्येच कापली जाते आणि घाण आहे तशीच राहते. सरावाला गेट बंदच ठेवा, मग कळतं आपण किती पाण्यात आहोत.

"गेन आणि बेस वाढवा."

हा सल्ला देणाऱ्यानं आठवी तार अँपमधून कधी ऐकलीय का असा मला प्रश्न आहे. लो एफ शार्प म्हणजे साधारण 46 हर्ट्झ. बास गिटारची ई 41 ला असते, म्हणजे तुम्ही बासवाल्याच्या अंगणात फक्त दोन सेमिटोन अलीकडे उभे आहात. गिटारचे नेहमीचे बारा इंची स्पीकर सत्तर-ऐंशी हर्ट्झच्या खाली फारसं काही देतच नाहीत. मग ती नोट ऐकू कशी येते? वरच्या हार्मोनिक्समुळे. 92, 139, 185 अशी ती रांग कानावर पडली की मूळ सूर मेंदू स्वतः भरून घेतो. त्यामुळे बेसचं बटन पिळलं की 46 वाढत नाही, शंभर-दोनशेच्या आसपासचा गदगद आवाज वाढतो आणि पाम म्यूट (तळवा टेकवून वाजवलेली दबकी नोट) उशीत बुक्की मारल्यासारखा येतो.

गेनचंही, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणाऱ्या बटनाचंही, तसंच. डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधीच लो एंड जास्त असेल तर ते सगळ्यात आधी क्लिप होतं (फाटतं) आणि बाकी सगळं गिळतं. म्हणून बेस आधी कापायचा, नंतर हवा तर थोडा परत आणायचा. यासाठीच इतके लोक हाय गेन अँपच्या पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह लावतात, ड्राइव्ह शून्याजवळ आणि लेव्हल वर, तो पेडल डिस्टॉर्शनसाठी नसतोच तिथे, त्याची सर्किटच अशी आहे की साधारण 720 हर्ट्झच्या खालचा भाग कमी बूस्ट होतो आणि अँपला आवळलेला सिग्नल मिळतो. एवढं करून गेन तुम्हाला आवडतो त्याहून थोडा कमी ठेवा. एकट्यानं वाजवताना आवाज बारीक वाटेल, बास आणि ड्रम्स आले की जागेवर बसतो.

"जितकी जाड तार तितका जड आवाज."

इथे थोडं गणित, पण फक्त थोडं. तार तीच ठेवून ई वरून बी पर्यंत उतरवली तर ताण 56 टक्के उरतो, एफ शार्पपर्यंत नेली तर साधारण 31. म्हणजे तार लोंबते. ताण परत मिळवायला दोनच रस्ते, जाड तार किंवा लांब स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी. 25.5 इंची स्केलवर ई ला .046 इंच जाडीची तार वापरत असाल तर तोच ताण लो बी ला हवा म्हटलं तर ढोबळ हिशेबानं .061 लागते आणि लो एफ शार्पला .082. स्केल 28 इंच केलं तर तीच एफ शार्प .075 मध्ये भागते. मेसेजवाला म्हणेल, मग लावा ना .082, अडचण काय? अडचण अशी की तार जितकी जाड आणि आखूड तितकी ती तारेपेक्षा सळईसारखी वागते, ताठ होते, तिचे वरचे हार्मोनिक्स शार्प सरकतात, आवाज मळकट येतो आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) जुळवताना सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे नेऊन नेऊन जागा संपते. वर सांगितलंच की ही नोट आपण हार्मोनिक्सवरूनच ओळखतो, तेच वाकडे झाले तर उरलं काय. म्हणून लांब स्केल आधी, जाडी नंतर. मल्टिस्केल गिटारला फ्रेट पंख्यासारखे तिरपे असतात ते दिसायला भारी म्हणून नाही, जाड बाजूला लांबी मिळावी आणि बारीक बाजूला बेंड करताना बोट तुटू नये म्हणून.

आणि जाडी बदललीत तर सेटअप पण बदलायला लागतो, नटची खाच रुंद करायला लागते, नाहीतर तार खाचेच्या वर बसते आणि पहिल्या दोन फ्रेटवर सगळं शार्प वाजतं. अजून एक, जाड वाउंड तार ट्यूनरच्या भोकात जात नाही म्हणून लोक आधी कापतात आणि मग वाकवतात. उलटं करा. आधी काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या भागाच्या पुढे कापा, नाहीतर वरची गुंडाळी सुटते आणि नवीकोरी तार लावल्या लावल्या मेलेली वाजते. विचारू नका मला कसं माहीत.

"पॉवर कॉर्डचे तेच शेप खाली सरकवा."

पॉवर कॉर्ड म्हणजे मूळ सूर (रूट) आणि त्याचा पाचवा सूर, एवढ्या दोनच नोट. शेप सरकतो, आवाज सरकत नाही. डिस्टॉर्शनमध्ये दोन नोट एकत्र गेल्या की त्यांच्या फरकाचीही एक नोट तयार होते. लो एफ शार्पचा पॉवर कॉर्ड म्हणजे 46 आणि 69, फरक 23, कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या हद्दीवर. स्पीकर ते काढू शकत नाही पण अँप त्यावर धापा टाकत बसतो. सातव्या तारेवर पॉवर कॉर्ड चालून जातो, मेजर थर्ड (रूटपासून चार सेमिटोन वरची नोट) मात्र तिथेही नको, बी आणि डी शार्प लगत लगत वाजवले तर फरक 16 हर्ट्झ, नुसती घरघर. थर्ड हवाच असेल तर एक ऑक्टेव्ह वर न्या. खाली रूट एकटा, मधल्या दोन तारा सोडून द्या, वर डी शार्प, तीच कॉर्ड एकदम उघडते. पियानोवाले डाव्या हातात थर्ड का टाळतात त्याचंही कारण तेच. आठवी तार बहुतेक वेळा एकेका नोटसाठीच चांगली, किंवा रूट आणि ऑक्टेव्ह. आणि आठ तारा वाजवणारा गिटारिस्ट टोसिन अबासी अंगठ्यानं बासवाल्यासारखं त्या तारेला मारून वाजवतो ते एकदा बघाच, त्या तारेकडून काय काय करून घेता येतं ते कळतं.

"हात लहान असतील तर नाद सोडा."

काहीतरीच. सहा तारांच्या इलेक्ट्रिकचा नट साधारण 42-43 मिलिमीटर, सातचा 48, आठचा 55 च्या आसपास. क्लासिकल गिटारचा नट 52 असतो आणि ती लहान हातांची माणसंही व्यवस्थित वाजवतात. नडतो तो हाताचा आकार नाही, गिटार गुडघ्यापर्यंत लोंबवायची सवय नडते. अंगठा नेकच्या वरून बाहेर काढून धरायची सवय असेल तर आठ तारांवर मनगट काटकोनात मोडतं आणि मग दुखतं. पट्टा आखूड करा, नेक थोडी वर झुकवा, अंगठा नेकच्या पाठीमागे मध्यावर. मनगट दुखायला लागलं तर थांबा, दुखण्यावरून वाजवत राहण्यात काही मर्दुमकी नाही.

"मेटलवाल्यांनी नव्वदीत काढलेली फॅशन."

हे तर उचलली जीभ लावली टाळ्याला. इबानेझ कंपनीची सात तारांची युनिव्हर्स 1990 ला आली, गिटारिस्ट स्टीव्ह वायच्या नावाशी जोडलेली, आणि मग कॉर्नसारख्या मेटल बँड्सनी ती खाली उतरवून गाजवली, इथपर्यंत ठीक. पण जॅझमधले जॉर्ज व्हॅन एप्स 1930 च्या दशकाअखेरीपासून सात तारा वाजवत होते, जास्तीची तार लो ए, कॉर्डसोबत स्वतःच बासलाइन चालवायला. रशियात सात तारांची गिटार त्याहून कितीतरी जुनी, ब्राझीलच्या शोरो संगीतातही सात तारांची परंपरा आहे. यातल्या कोणालाच मेटलसारखं चग चग करायचं नव्हतं. हे सांगण्याचं कारण एवढंच की बहुतेक नवीन लोक आठ तारा घेऊन उघडी तार, पहिला फ्रेट, उघडी तार, पहिला फ्रेट असं त्या एकाच जाड तारेवर राहतात, आणि वरच्या सात तारा नुसत्या गंजतात.

राहता राहिलं "दर वेळी ट्यून करा". हा एकच मुद्दा मला मान्य आहे, पण कसं करायचं ते मेसेजात नाही. सैल जाड तार जोरात मारली की ट्यूनरची सुई आधी शार्पकडे उडते आणि मग हळूहळू खाली येऊन बसते. आपण हळूच तार छेडून, सुई स्थिर झाली की खूश होतो, आणि मग रिफ वाजवतो दाणदाण. त्या रिफमध्ये सुई स्थिर व्हायला वेळच मिळत नाही, प्रत्येक नोट शार्प असतानाच संपते. म्हणून ट्यून करताना जेवढ्या जोरानं वाजवणार तेवढ्याच जोरानं मारा, आणि सुरुवातीच्या झटक्याला सुई कुठे आहे ते बघून तार किंचित खाली घ्या.