तो स्प्रे नंबरप्लेटवर मारण्याआधी

आज ग्रुपवर पुन्हा तोच व्हिडिओ: हा स्प्रे मारला की वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला नंबर वाचताच येत नाही म्हणे. नंबरप्लेटवर स्प्रे मारला, अंधारात फ्लॅश टाकून फोटो काढला, प्लेट पांढरीफटक. खाली ‘लिंक टाका’ म्हणणाऱ्यांची रांग. शिकलीसवरलेली माणसं आहेत सगळी, म्हणून जास्त वैताग येतो.

अहो, स्प्रे न मारताही तो फोटो तसाच येतो! परावर्तक नंबरप्लेटच्या फिल्ममध्ये काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात. प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवणं हेच त्यांचं काम. मोबाइलचा फ्लॅश लेन्सला खेटून असतो, मग सगळा उजेड लेन्समध्येच येणार. व्हिडिओतला ‘आधी’चा फोटो फ्लॅशशिवाय का काढलाय, ते एकदा नीट बघा.

बाटलीत असतं ते बहुतेक पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखा चकचकीत लेप. त्याचा चकचकीत थर आरशासारखा वागतो, म्हणजे प्रकाश डावीकडून आला की उजवीकडे जातो. कॅमेरा असतो उंचावर नाहीतर रस्त्याच्या कडेला, तिरपा. त्यामुळे लॅकरची चमक भलतीकडे जाते आणि कॅमेऱ्याला खालच्या फिल्मचाच प्रकाश मिळतो. शिवाय आता बरेच कॅमेरे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात एकामागून एक फ्रेम घेतात, कमी-जास्त एक्स्पोजरच्या. एकीत अक्षरं उडाली तर दुसरीत सापडतात.

पटत नसेल तर करून बघा. जुनी, बाद झालेली प्लेट घ्या, धुऊन पुसा, अर्धी कागदाने झाका, उरलेल्या अर्ध्या भागावर स्प्रे मारा, पूर्ण वाळू द्या. रात्री आठ-दहा मीटरवरून फ्लॅशने फोटो काढा, आधी समोरून, मग थोडं बाजूला सरकून. आता मोबाइलमध्ये एक्स्पोजर खाली ओढून पुन्हा काढा. दोन्ही अर्ध्या भागांत फरक शोधत बसा. व्हिडिओवाला ही अर्ध्या-अर्ध्याची तुलना कधीच दाखवत नाही.

आणि वेग काय प्लेटवरून मोजतात? बहुतेक ठिकाणी वेग मोजतो रडार, लेझर किंवा रस्त्यात पुरलेल्या तारांची वेटोळी. गॅट्सो हा वेग पकडणारा कॅमेरा काढणारा मॉरिस गॅट्सोनिडेस हा डच रॅली ड्रायव्हर, १९५३ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला स्वतःचा वेग मोजायला त्याने यंत्र बनवलं! त्या पद्धतीत अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो निघतात. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात १० मीटर सरकते, आणि रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांवरून ते ताडून बघता येतं. सरासरी वेगाचे कॅमेरे मात्र दोन टोकांना प्लेट वाचतात आणि मधल्या वेळेवरून वेग काढतात. ८० ची मर्यादा असलेलं १० किलोमीटरचं अंतर साडेसात मिनिटांच्या आत कापलंत, की झालं.

प्लेटवरची तिरक्या पट्ट्यांची कव्हरं फार आडव्या कोनातूनच आकडे लपवतात. कॅमेरा तेवढ्या आडव्या कोनात कोण बसवेल? उलट ऊन खाऊन ती पिवळी पडतात आणि पोलिसाच्या नजरेत आधी भरतात. कॅमेरा चुकवायला आरशाला सीडी टांगणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचं रडार जवळ आलं की गाडीत वाजणारं यंत्र, चालतो, मान्य. सतत चालू असलेलं रडार तो लांबून पकडतो. पण पोलिसाने गाडी टप्प्यात आल्यावरच रडारचं बटण दाबलं तर तो वाजेपर्यंत आकडा आलेला असतो. पोलिसांच्या लेझर गनचा झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. डिटेक्टर वाजला म्हणजे झोत तुमच्यावरच पडलाय. गाडीला लावलेला लेझर जॅमर उलट प्रकाश टाकून कधीकधी त्या गनला गोंधळात टाकतो, हेही खरं, पण कित्येक गन जॅमिंग ओळखून तसा इशारा देतात. आणि दंडापेक्षा जॅमर सापडणं महागात पडू शकतं. स्थिर कॅमेऱ्यांची जागा सांगणारं ॲप काम करतं, कारण ते ऐकून तुम्हीच वेग कमी करता.

हा धंदा चालतो कसा, तर रोज शेकडो गाड्या कॅमेऱ्याखालून मर्यादेत जातात. त्यांना दंड येतच नाही, आणि श्रेय घेते बाटली. दंड आला की विक्रेता म्हणणार, थर नीट बसला नव्हता.

गाडीवर पोट असलेल्याला दंड किती झोंबतो, ते कळतं मला. यंत्रंही चुकतात. चुकीचा दंड आला तर फोटो, वेळ आणि यंत्राच्या तपासणीचा दाखला मागा, भांडा, मी सोबत आहे. पण न वाचता येणारी प्लेट, मग ती स्प्रेने असो की चिखलाने, एखाद्याला उडवून पळणाऱ्यालाच उपयोगी पडते. हे ‘लिंक टाका’वाल्यांना दिसत नाही?

स्प्रे मारून बसलेल्यांसाठी: आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. नाही निघाला तर मऊ फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एका कोपऱ्यावर करून बघा. थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नको, फिल्म विरघळते. थर पिवळा पडला असेल तर प्लेटच बदला.