माळ्याचा हिशोब
कौलारू घराच्या माळ्यावर राहण्याजोगी खोली करायला किती खर्च येईल, असे विचारले की कंत्राटदार वर न चढताच, अंगणातूनच चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो. अहो, 30 अंशांच्या उताराचे छप्पर थेट माळ्याच्या फळ्यांपासून सुरू होत असेल, तर 6 फूट उंची मिळायला वळचणीपासून 10 फुटांहून अधिक आत यावे लागते. मग जिथे मांजरानेही वाकून जावे, त्या कडेचे पैसे राहत्या जागेच्या दराने का द्यायचे? आजवर फक्त अडगळ पेललेल्या तुळया पलंग, कपाट आणि माणसे पेलतील का, हे पाहायला वाळवीच्या रेघेत साधे स्क्रूड्रायव्हरचे टोकही कोणी खुपसत नाही. जिना, वायरिंग, कौलांखालचे उष्णतारोधक अस्तर हे सारे ‘ते नंतर बघू’ या सदरात ढकलले जाते, आणि ते ‘नंतर’ नेमके कौले उतरवून झाल्यावर, मृगाच्या तोंडावर उगवते.